मानशीची दारं

डिसेंबरातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी आणि आत्या पणजीच्या जेटीवर उभ्या होतो. थंडी होती, आत्याने शाल कानावरून घट्ट घेतली होती, एका हातात छत्री (ऊन-पाऊस काही नसताना, ती काठी म्हणून वापरते) आणि दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखतात, जिना चढताना थांबते, पण गेले दोन महिने एकच सांगत होती की मला एकदा कालव्यातनं जायचंय, पाण्यावरनं. रस्त्याने नको, पाण्यावरनंच. लहानपणी ती आमच्या गावाहून बाणस्तारीच्या बाजाराला होडीतून जायची, वडिलांच्या म्हणजे माझ्या आजोबांच्या पायाशी बसून, आणि तो रस्ता तिला परत एकदा बघायचा होता. मग मी एक दिवसभराची गाईडवाली बोट ट्रिप शोधली, मांडवीतून वर चोडण, दिवाडी, तिथून कुंभारजुव्याच्या कालव्यात, आणि संध्याकाळपर्यंत परत.

बोटीत आम्ही दहा-बाराजण. पुण्याचं एक कुटुंब, नाशिकचे दोन मित्र, बाकी इकडचेच. गाईड चोडणचा, पंचवीस-सव्वीसचा मुलगा, आमच्याशी कोंकणीत, पुणेकरांशी मराठीत, आणि कोणालाही कंटाळा न करता उत्तर देणारा. ट्रिपच्या कागदावर लिहिलेलं, ‘गोव्याच्या डेल्टाची सफर’. पुण्याची मुलगी नववीत होती, तिने बसल्या बसल्या विचारलं की पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत असं आम्हाला पुस्तकात आहे, मग हा डेल्टा कसा? मला तो प्रश्न फार आवडला. गाईडने सरळ सांगितलं, बरोबर आहे तुझं, हा डेल्टा नाही, ही खाडी. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की नद्या आखूड आणि उतार जास्त, गाळ पसरून बसायला सपाट जागाच कमी, आणि हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढला तेव्हा नद्यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या, त्या बुडालेल्या दऱ्यांतून आपण आता चाललोय. मुलगी म्हणाली, मग ही एवढी सपाट शेतं कुठून आली?

आत्या तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “हातांनी केली.”

आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि लिहायला बसलं की हाताला मराठी येते, गोव्यात आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत, त्यामुळे आत्या नेमकं काय म्हणाली ते मी इथे थोडं मराठीत आणि जिथे राहवत नाही तिथे तिच्याच शब्दांत लिहिते.

अटल सेतूच्या खालून गेलो. २०१९ साली झाला तो. त्याच्या शेजारचे जुने दोन पूल, आणि त्यांच्याही आधीचा एक, जो ५ जुलै १९८६ ला कोसळला, तो माझ्या वडिलांना आठवायचा, कारण त्यानंतर कित्येक वर्षं फेरीबोटीतून मांडवी ओलांडत होते लोक. कॅसिनोच्या बोटी मागे टाकल्या, उजव्या हाताला रायबंदरचा लांबलचक बांधरस्ता, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, तीन किलोमीटरहून जास्त, अजून त्यावरून गाड्या धावतात. त्याच्या आतल्या अंगाला मिठागरं. इथपर्यंत सगळे फोटो काढण्यात दंग होते.

रायबंदरच्या समोर चोडण. फेरीतून उतरलं की बाजूलाच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, १९८८ साली जाहीर झालं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण बघायला गेलं तर संपत नाही. आत जायचं तर भरतीच लागते, ओहोटीला त्या नाळ्यांत नुसता चिखल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे मोठी भरती अकराच्या आसपास येते, म्हणून ट्रिप त्या दिवशी ठेवलेली. पाणी चढत होतं. इंजिन बंद केलं, बोटवाल्याने बांबूने ढकलत आत घेतली, आणि एकदम आवाज गेला. दोन्ही बाजूंना तिवर, चिपी, कांदळ. कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, तिवराची मुळं मात्र चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्या चिखलात हवा नसते म्हणून झाड वर तोंड काढून श्वास घेतं. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या दिसला, निळा-हिरवा, फांदीवर बसून पाण्याकडे एकटक बघत. नाशिकच्या एका मुलाने कॅमेरा उचलायच्या आत गेला.

पाण्यातून एक कांदळाची शेंग वाहत येत होती ती गाईडने उचलून माझ्या हातात दिली. शेंग म्हणायची, पण ते बी नव्हे, ते रोपच. झाडावर असतानाच रुजतं, मग खाली पडतं. वीतभराहून लांब, हिरवं, थंड, अंगावर बारीक बारीक खरखरीत ठिपके, खालचं टोक निमुळतं आणि तपकिरी होत आलेलं, वरच्या टोकाला दोन पानांची मिटलेली सुई. हातात घेतलं तर वजन खालच्या टोकाकडे जास्त लागतं, म्हणून चिखल सापडला की उभंच बसतं. मी ते बराच वेळ धरून बसले. मग परत पाण्यात सोडलं.

“मॅडम, हे जंगल बघून लोक म्हणतात किती जुनं, किती शुद्ध,” गाईड म्हणाला, “पण चोडणात कितीतरी ठिकाणी आता जिथे खारफुटी आहे तिथे शेत होतं. माझ्या आजोबांनी कापणी केलेली जागा मी लोकांना जंगल म्हणून दाखवतो.”

हे तो सहज बोलून गेला, पण माझ्या मनातनं दिवसभर गेलं नाही. खारफुटी हवीच, माशांची पिल्लं तिथेच वाढतात, किनारा तीच धरून ठेवते, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला ती असली तर लाट थेट बांधावर आदळत नाही. पण ती बांधाच्या आत आली याचा अर्थ बांध फुटला आणि कुणी परत बांधला नाही.

खाजन म्हणजे काय ते इथे थोडं लिहिते, कारण घाटावरच्या माणसाला हा शब्द कमीच माहीत असतो. खाडीकाठची जी जमीन भरतीला बुडते तिला मातीचे बांध घालून समुद्राकडून सोडवून घ्यायची, आत गोड्या पाण्याचं शेत करायचं. गोव्यात अशी जमीन सतरा-अठरा हजार हेक्टर आहे. हे किती जुनं? फोंड्याजवळ बांदोड्याला सापडलेल्या ताम्रपटात, जो साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात, त्यात ‘खज्जन’ हा शब्द आहे. म्हणजे पोर्तुगीज यायच्या नऊशे-हजार वर्षं आधीपासून आमची माणसं चिखलाचे बांध घालत होती. ना सिमेंट, ना यंत्र. चिखल, पेंढा, बांबू, चिऱ्याचा दगड, आणि गावकारी, म्हणजे सगळ्या गावाने मिळून जमीन राखायची पद्धत, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ धुऊन जायचं, मग कोरगुट पेरायचं, हा खारं सोसणारा तांबडा भात. कापणी झाली की आत खारं पाणी घेऊन मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी. एकाच जमिनीत भात आणि नुस्तं, म्हणजे मासे, दोन्ही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार.

चोडणच्या गावाकडच्या बाजूला एका बांधाला बोट लावली. गाईडच्या वडिलांचं शेत अजून पिकतं, तिथलीच मानस. जांभ्या दगडाचे दोन जाड खांब, त्यांच्या मध्ये लाकडी दारं, बाहेरच्या बाजूला उघडणारी. लाकूड इतकं काळं पडलेलं की दगड वाटावा, पाण्याच्या रेषेखाली हिरवं बुळबुळीत शेवाळ, खांबांना कालवां चिकटलेली. दाराला ना कुलूप, ना चाक, ना साखळी. पाणी बाहेरून चढत होतं तसं ते दारांवर दाबत होतं, आणि आम्ही बघता बघता दोन्ही दारं हळूहळू सरकत आली, मध्ये हातभर फट, मग वीतभर, मग बोटभर, आणि शेवटी एक बसका ओला आवाज, ढप्प असा. बस. पाणी बाहेर, शेत आत.

“पळे, दारां धांपलीं,” आत्या म्हणाली. “कोणें धांपूंक ना, उदकानच धांपलीं.”

ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर ढकलतं आणि तीच दारं उघडतात. दिवसातनं दोनदा बंद, दोनदा उघडी, कुणी न सांगता. ओहोटीला उघडलेल्या दारात जाळं लावायचं, वर कंदील, रात्री उजेडाला सुंगटं येतात. त्या जाळ्याच्या हक्काची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव, आणि तो पैसा बांधाच्या दुरुस्तीला जायचा. आत्याच्या बोलण्यात मानशीच्या माशाचा उल्लेख आला की तिचा आवाजच बदलतो. शेवटो, काळुंदरं, चणक. बाजारातला मासा तिने कधी चांगला म्हटलेला मला आठवत नाही.

आम्ही बांधावर उभ्या असताना ती एकटीच थोडी पुढे गेली, आणि मानशीच्या खांबापासून चार पावलांवर, आतल्या अंगाला, छत्रीचं टोक टेकवून उभी राहिली. तिथे माती ओली होती. बाकी बांध कोरडा, एवढीच जागा ताटाएवढी ओली, आणि मध्येच एखादा बुडबुडा. गाईड धावत आला.

“कुर्लेचें एक बीळ पुरो,” आत्या म्हणाली. खेकड्याचं एक बीळ पुरतं.

“आजी, तुमकां कशें खबर?”

तिने उत्तर दिलं नाही. छत्रीने तिथे मातीत एक फुली मारली आणि बोटीकडे चालायला लागली.

दिवाडीच्या बाजूने गेलो. तिथल्या नार्व्यात सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, कदंबांचं दैवत, सोळाव्या शतकात पाडलं गेलं, आणि देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला. तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून दिलं. त्या पाण्याकडे बघताना वाटलं की देवाला सुद्धा ही नदी ओलांडावी लागली आहे. जुन्या गोव्याची शिखरं झाडांवरून दिसली, गाईडने व्हाइसरॉयच्या कमानीबद्दल सांगितलं, पण खरं सांगायचं तर तिथे मी ऐकत नव्हते. बोटीतच जेवण झालं, उकड्या तांदळाचा भात, हुमण, तिसऱ्यांचं सुकं. आत्या नेहमीपेक्षा जास्त जेवली.

मग कालवा. कुंभारजुव्याचा कालवा साधारण पंधरा किलोमीटरचा, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा, अरुंद, दोन्ही काठ जवळ. इथेच ते सांगोड, गणपतीच्या सातव्या दिवशी होड्या जोडून त्यावर देखावे करतात, आत्या लहानपणी माशेलच्या तीरावर उभी राहून बघायची. पुढे मगर दिसली. आधी दगडच वाटली, चिखलाच्या उतारावर पडलेली, मग शेपटी हलली. ही गोड्या पाण्यातली मगर, पण इथल्या खाऱ्या पाण्यात राहते. बोटीत सगळे एकदम एका बाजूला सरकले, बोटवाला ओरडला. आत्या हात जोडून बसली. जुवारीकाठच्या बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला मानगे थापणी असते, बांधाजवळ चिखलाची मगर करायची, अंगावर शिंपल्यांचे खवले लावायचे आणि पूजा करायची. मगरीने माणसाला धरू नये आणि बांध राखावा. पुण्याच्या मुलीच्या आईला हे ऐकून अंगावर काटा आला म्हणाली. मला वाटतं, ज्या माणसांना रोज कमरेएवढ्या चिखलात उतरावं लागायचं त्यांना मगरीशी वैर परवडणारं नव्हतं, त्यांनी तिला राखणदार करून टाकलं, आणि त्यामुळेच ती अजून आहे.

बाणस्तारीचा पूल यायच्या आधी मागून एक पार्टीबोट आली. स्पीकर इतका मोठा की बोललेलं ऐकू येईना, आणि वेग. आमच्या गाईडने हात वर करून हळू हळू अशी खूण केली, त्यांनी उलट हात हलवला, मजेत. ती पुढे गेली आणि तिची लाट दोन्ही काठांना जाऊन आदळली, एकामागून एक पाच-सहा वेळा, आणि समोरच्या बांधाचा मातीचा एक लचका आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात सरकला. मला फार राग आला. खनिजाच्या बार्जेसनी वर्षानुवर्षं हेच केलं, २०१२ नंतर त्या खूप कमी झाल्या तेव्हा वाटलं होतं की बांधांना जरा श्वास मिळेल. एक लाट काही नाही, पण दिवसाला अशा किती, आणि ज्याच्या बांधावर आदळतात त्याला ट्रिपच्या तिकिटातला एक रुपयाही नाही.

तीनच्या सुमाराला, ओहोटी चांगली लागलेली, चिखल उघडा पडलेला, निवटे त्यावर उड्या मारत होते. आत्या एकदम म्हणाली, थांब. गाईडने बोट थांबवली. समोर फक्त खारफुटी. दाट, हिरवी, दोन पुरुष उंच.

“हें आमचें.”

मी कितीदा त्या काठाच्या मागच्या रस्त्याने गेले असेन, कधी कळलं नाही. आत्याने छत्रीने दाखवलं तेव्हा झाडांच्या मधे जांभ्याचे दोन खांब दिसले, एक सरळ, एक कललेला. दारं नव्हती. त्या मधल्या जागेतून पाणी मोकळं बाहेर येत होतं, काही न अडता, जसं आलं तसंच. आमची मानस. आजोबा गावकार. बौसच्या, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाच्या, हिशेबाची वही त्यांच्या अक्षरात होती, माझ्या वडिलांच्या कपाटात कितीतरी वर्षं पडून होती आणि घर बदलताना गेली, कुठे गेली कुणाला माहीत नाही.

मुक्तीनंतर वडिलांना पणजीला नोकरी लागली. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, पुढे १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी वाकडं बोललं नाही. पण बांध मात्र अधांतरी राहिला. गावकारीला वाटलं आता कुळांच्या संघाने बघायचं, संघाला वाटलं सरकारने बघायचं, आणि ज्यांना खरोखर बांध बांधता येत होता ती माणसं म्हातारी होत गेली, त्यांची पोरं, आमच्यासारखीच, नोकरीला लागली. कुणी वाईट वागलं नाही. एका वर्षी भगदाड पडलं, बुजवलं. दुसऱ्या वर्षी परत पडलं, अर्धं बुजवलं. तिसऱ्या वर्षी कुणी गेलं नाही. आत्या म्हणाली, मी सासरी होते, मला कळलं तेव्हा आत चिपी उगवल्या होत्या. वडील तेव्हा आठवड्याला गावी जायचे, देवळात जायचे, बांधावर नाही. मीही त्यांच्याबरोबर जायचे. मी पण कधी विचारलं नाही की पलीकडे काय आहे.

तिथे आम्ही पंधराएक मिनिटं थांबलो. बोटीतलं कुणी बोललं नाही, पुण्याची मुलगी सुद्धा. एक बगळा त्या सरळ खांबावर येऊन बसला, आणि आत्याने पिशवीतून केळं काढून सोललं आणि अर्धं मला दिलं.

परत येताना ती गाईडशेजारी जाऊन बसली. मला वाटलं थकून झोपेल. पण पणजीची जेटी येईपर्यंत ती त्याला सांगत होती आणि तो फोनवर रेकॉर्ड करत होता. बीळ नुसतं तोंडाशी बुजवायचं नाही, आतून पाणी दुसरी वाट काढतं. जिथवर गेलंय तिथवर खणायचं, कुर्ली सापडली पाहिजे. चिखल शेतातला नाही घ्यायचा, तो भुसभुशीत. बाहेरचा, ओहोटीला उघडा पडतो तो निळसर काळा, चिकट. त्यात पेंढा घालून पायांनी मळायचा, भाकरीच्या पिठासारखा होईस्तोवर, आणि थरावर थर, प्रत्येक थर टाचेने दाबून. आणि हे सगळं पुढच्या पौर्णिमेच्या भरतीच्या आधी. तो म्हणाला, माझ्या पप्पांना माहीत असेल. ती म्हणाली, असेल, तरी विचार.

चार दिवसांनी त्याचा व्हॉट्सॲप आला. मानशीजवळचा बांध, जिथे छत्रीची फुली होती तिथे दोन हात लांबीचा नवा काळा चिखल, त्यावर टाचांचे ठसे, आणि शेजारी बादलीत एक भली मोठी कुर्ली. मी फोन आत्याला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा करायला मला सांगितला, बराच वेळ बघितला.

“चिखल भायल्यान हाडला मरे?” ती म्हणाली. “विचार ताका.”